मोबाइलला रेंज, कॉम्प्युटरला नाही: वायफायचं पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं

लक्षण असं. हॉलमध्ये दाराजवळ राउटर, मागच्या बेडरूममध्ये डेस्कटॉप. त्याच टेबलावर ठेवलेल्या मोबाइलला वायफायच्या सगळ्या दांड्या दिसतात, कॉम्प्युटरला एक किंवा दोन. सकाळी काम चालून जातं. संध्याकाळी मीटिंगमध्ये समोरच्याचा चेहरा गोठतो, आवाज तुटतो. घरातलं कुणीतरी राउटर बंद करून चालू करतं, दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी सुचवतं, "मोठा अँटेना लाव की!" हातभर लांब अँटेना मागवला जातो, कॅबिनेटच्या मागे खोचला जातो, आणि फरक काही पडत नाही.

फरक का पडत नाही, ते थोडक्यात सांगतो. अँटेना केवढा आहे यापेक्षा तो कुठे उभा आहे, याला जास्त किंमत आहे. खोक्यावर छापलेल्या डीबीआयच्या (अँटेना सिग्नल किती एकवटतो, त्याचं माप) आकड्याला भुलून पैसे घालवण्याआधी अँटेनाची जागा दोन हात हलवून बघा. पण त्याहीआधी दुखणं नक्की वायफायचंच आहे ना, याची खात्री करा.

आधी निदान

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' टाका (अर्थात इंग्रजीत). 'डिफॉल्ट गेटवे' समोर दिसतो तो तुमच्या राउटरचा पत्ता. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता दोन खिडक्या उघडून एकीत या पत्त्याला आणि दुसरीत ८.८.८.८ ला (हा गूगलचा पत्ता) सतत पिंग लावून ठेवा. पिंग म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर यायला किती वेळ लागतो, ते मोजणारी कमांड. पिंग सतत चालू राहावं म्हणून पत्त्यानंतर आडवी रेघ आणि 'टी' हे अक्षर लागतं. नेहमी त्रास होतो त्याच वेळी हे करा. दुपारी दोन वाजता सगळं छान दिसलं, तर त्यातून काहीच कळत नाही.

राउटरचं पिंग दोन-पाच मिलिसेकंदांवर शांत आहे आणि ८.८.८.८ चं मात्र मधूनच गायब होतंय, तर दोष बाहेरच्या लाइनचा. अँटेना घेऊ नका, नेटवाल्याला फोन करा. राउटरचंच पिंग तीनशे, आठशे असं उसळतंय किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतंय, तर भांडण तुमच्या घरातलं आहे. ज्यांचं असं आहे, पुढचं सगळं त्यांच्यासाठीच.

दांड्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा बघा. 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' या कमांडने (हीही इंग्रजीतच टाकायची) 'सिग्नल' समोर टक्केवारी दिसते. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत लोकेशनची परवानगी बंद असेल तर ही कमांड अडून बसते. सेटिंग्जमध्ये लोकेशन चालू केलं की चालते. टक्के निम्मे करून त्यातून शंभर वजा करा, साधारण डीबीएममधला (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) सिग्नल मिळतो. ६० टक्के म्हणजे उणे ७०. उणे ५० च्या आसपास उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त. उणे ७५ ला कुरबूर सुरू होते, आणि उणे ८० च्या खाली जे चालतं ते नशिबानं.

त्याच यादीत 'चॅनेल' आणि 'रिसीव्ह रेट'ही दिसतात. चॅनेल १ ते १३ मधला असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात, ३६ किंवा त्याहून मोठा असेल तर ५ वर. हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा. नाहीतर उद्या "थोडं बरं वाटतंय" एवढंच हाती राहतं.

कॅबिनेटच्या मागची जागा

डेस्कटॉपच्या बाबतीत निम्मं दुखणं इथेच आहे. कॅबिनेट म्हणजे पत्र्याचा डबा. वायफायच्या अँटेनाची भोकं त्याच्या पाठीला, पाठ भिंतीला टेकलेली, वर टेबलाचा लोखंडी सांगाडा, आणि बाजूला बहुधा स्टीलचं कपाट. राउटर समोरच्या दिशेला असेल तर अँटेना आणि राउटर यांच्यामध्ये पहिला अडथळा तुमचा कॉम्प्युटरच असतो. मोबाइल याच टेबलावर वरच्या अंगाला असतो, म्हणून त्याला रेंज मिळते. जादू काही नाही.

त्याआधी एक साधी तपासणी. मदरबोर्डमध्येच वायफाय असेल तर मागे सोनेरी आट्यांची दोन टोकं दिसतात. त्यांना अँटेना लावलेले आहेत का? कॉम्प्युटर जोडून देणारा पुष्कळदा अँटेनाची पिशवी मदरबोर्डच्या खोक्यात तशीच ठेवतो आणि खोकं माळ्यावर जातं. अँटेनाशिवायही जवळचं नेटवर्क थोडंफार दिसतं, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही. आधी माळा बघा, मग बाजार.

अँटेना आहेत आणि ते थेट मागे स्क्रूसारखे बसवलेले आहेत, तर तारेला जोडलेल्या, तळाशी चुंबक असलेल्या अँटेनांचा जोड घ्या आणि तो टेबलावर, मॉनिटरच्या वरच्या उंचीला ठेवा. नुसत्या या हलवण्यानं दहा डीबीपर्यंत फरक पडलेला मी बघितला आहे, आणि दहा डीबी म्हणजे दहापट ताकद. कुठलाही 'हाय गेन' अँटेना एवढ्या पैशांत हे देत नाही.

तार मात्र मीटरभरच हवी. या जोडांना असते ती बारीक कोॲक्स केबल २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण २ डीबी खाते, ५ गिगाहर्ट्झला आणखी जास्त. पाच मीटरची वायर ओढून अँटेना पार खिडकीत नेलात तर जागेनं दिलेलं वायरनं काढून घेतलं.

नवा अँटेना घेताना टोकाकडे नीट बघा. वायफाय कार्डाच्या टोकाला बाहेरून आटे आणि मध्ये टाचणी असते, म्हणून त्याच्या अँटेनाला आतून आटे आणि मध्ये भोक हवं. याला दुकानात आरपी-एसएमए म्हणतात. ४जी राउटरचे अँटेना दिसायला डिट्टो तसेच, आटेही बसतात, पण त्यांच्या मध्येही टाचणी असते. टाचणीवर टाचणी दाबली गेली की कार्डाचं टोक बिघडू शकतं. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गर्दीच्या वेळी "वायफायचा द्या" एवढं सांगून हातात पडेल ते घेऊन येऊ नका. जुना अँटेना खिशात घालून न्या आणि काउंटरवर दोन्ही समोरासमोर धरा.

आता डीबीआय. हा आकडा वाढला की अँटेना जास्त ताकद निर्माण करतो, असा समज आहे. अँटेना ताकद निर्माण करत नाही, आहे तीच पसरवतो. भाकरी थापावी तसं: जितकी रुंद कराल तितकी पातळ होणार. २ डीबीआयचा छोटा दांडा सगळीकडे, थोडं वर-खालीही देतो-घेतो. ९ डीबीआयचा लांब दांडा आडव्या पातळीत लांबवर पोचतो, पण वरच्या आणि खालच्या मजल्याकडे कमी पडतो. फ्लॅट एकाच मजल्यावर असेल तर ५-६ डीबीआयचा ठीक. बंगल्यात राउटर खाली आणि कॉम्प्युटर वर असेल तर लांब दांड्यानं कधीकधी उलट कमी होतं. तिथे अँटेना तिरका करून बघा. दोन अँटेना असतील तर एक उभा आणि एक तिरका ठेवा.

यूएसबी ॲडॉप्टर

ज्यांच्या डेस्कटॉपला वायफायच नाही, किंवा लॅपटॉपचं आतलं कार्ड थकलं आहे, त्यांच्यासाठी हा सगळ्यात सोपा मार्ग. पण नखाएवढे जे 'नॅनो' ॲडॉप्टर मिळतात ते अशा कामाला घेऊ नका. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिच्या चौथ्या हिश्शाचा अँटेनासुद्धा तीन सेंटिमीटरचा होतो. नॅनोत तेवढी जागाच नाही. वर तो लावायचा कुठे, तर कॅबिनेटच्या मागे, पत्र्याला चिकटून. राउटर त्याच खोलीत असेल तर चालेल. पण तसं असतं तर तुम्ही हे वाचत नसता.

बाहेर दांडा असलेला, दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) ॲडॉप्टर घ्या. खोक्यावर 'एसी ६००' असेल तर एकच प्रवाह: ५ गिगाहर्ट्झवर कागदोपत्री ४३३ एमबीपीएस, हातात त्याच्या निम्मं धरा. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला पुरतं. 'एसी १२००' किंवा '१३००' म्हणजे दोन प्रवाह, दोन अँटेना, आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या अडखळत्या सिग्नलला तो जास्त चांगला सांभाळतो. थोडे पैसे जास्त गेले तरी मी हाच घ्यायला सांगतो. लिनक्सवाल्यांनी डब्यापेक्षा आतली चिप विचारावी. मीडियाटेकची एमटी७६१२यू कर्नल ४.१९ पासून आपोआप चालते. रिअलटेकच्या बऱ्याच चिप्सना मात्र वर्षानुवर्षं बाहेरून ड्रायव्हर बसवावा लागत होता, आणि कर्नल बदलला की तो मोडायचा.

आता खरी गोष्ट: ॲडॉप्टर कॅबिनेटला थेट लावू नका, यूएसबीची एक्स्टेंशन वायर घ्या. कोॲक्सच्या वायरीत सिग्नल झिजतो, तसा यूएसबीच्या वायरीत झिजत नाही, कारण तिथून जाते ती आकड्यांची माहिती. यूएसबी २ ला साधी वायर पाच मीटरपर्यंत नियमात बसते. म्हणजे ॲडॉप्टर कपाटाच्या वर, खिडकीच्या कट्ट्यावर, दाराच्या चौकटीला, कुठेही नेता येतो. बाहेरचा अँटेना लांब न्यायचा विचार असेल तर हाच खरा बाहेरचा अँटेना समजा.

वायर मात्र चांगली, जाड घ्या. स्वस्त पातळ वायरीत व्होल्टेज पडतं आणि ॲडॉप्टर भर कामात तुटतो, परत जोडला जातो. विंडोजचा तो 'डिंग-डाँग' आवाज अधूनमधून येत असेल तर वायफायला दोष देऊ नका, वायर बदला. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा, मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. यूएसबी ३ ची उपकरणं आणि त्यांच्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करतात. इंटेलनेच २०१२ साली हे मोजून जाहीर केलं होतं. निळ्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क आणि शेजारीच वायफायचा ॲडॉप्टर, असं असेल तर दांड्या भरलेल्या दिसतात आणि वेग रांगतो. सिग्नल कमी झालेला नसतो, गोंगाट वाढलेला असतो. बॅकअप चालू असतानाच नेट मरतं, असं ज्यांचं गाऱ्हाणं आहे त्यांनी ॲडॉप्टर त्या डिस्कपासून हातभर लांब न्यावा आणि शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर जावं.

पुण्यातल्या भिंती

एकाच ॲडॉप्टरचा अनुभव कोथरूडमध्ये वेगळा आणि वाकडमध्ये वेगळा, याचं कारण भिंती. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्त्यावरच्या जुन्या सोसायट्यांत काँक्रीटचे खांब-तुळया आणि मधल्या भिंती विटेच्या. अशा एक-दोन भिंती वायफाय सोसतं. हिंजवडी, वाकड, बाणेर, खराडीच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीचं बांधकाम आहे: ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती एकदम काँक्रीटमध्ये ओततात. आत लोखंडी जाळी. तिथे हॉलमधलं ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या बेडरूमपर्यंत पोचता पोचता मरगळतं आणि २.४ पण दमतं. अशा घरात राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये भिंत ओलांडायचा हट्ट सोडा आणि दारांची ओळ शोधा. राउटरच्या जागी उभं राहून पॅसेजमधून बेडरूमचं दार दिसतं का? ॲडॉप्टर त्या दाराच्या रेषेत आणा, टेबल तिथे नसलं तरी. पाच मीटर वायर त्यासाठीच आहे.

पेठांतले वाडे हा तिसरा प्रकार. दगड-माती-विटांच्या हातभर जाडीच्या भिंती, त्यांतून काही येणार नाही. पण मधला चौक असेल तर सिग्नल खिडकीतून चौकात उतरतो आणि समोरच्या खिडकीतून आत येतो. एका दिशेला तोंड असलेला पॅनेल अँटेना वापरायची हीच जागा. त्याचं तोंड राउटरकडे न धरता चौकातल्या खिडकीकडे धरून बघा. पॅनेल अंशाअंशानं फिरवा आणि दर वेळी आकडा वाचा. सरळ रेषेपेक्षा आडवाट जास्त देते, असं इथे पुष्कळदा होतं.

राउटरचीही जागा बघा. नेटवाला येतो, दाराजवळ जिथे फायबर आत आली तिथेच खिळा ठोकतो आणि जातो. नंतर इंटिरिअरवाला त्याभोवती कपाट बांधतो आणि त्याच्या दाराला आरसा लावतो. आरशाच्या मागे धातूचा लेप असतो. राउटर टीव्हीच्या मागे, फ्रिजच्या वर, शू-रॅकच्या आत अशा ठिकाणी असेल तर साधा एक्स्टेंशन बोर्ड आणून तो उघड्यावर, डोक्याच्या उंचीला आणा. त्यासाठी कुठलाही ॲडॉप्टर लागत नाही.

फक्त संध्याकाळीच का?

रात्री आठ ते अकरा त्रास आणि बाकी वेळ ठीक, तर हा रेंजचा प्रश्न नाही, गर्दीचा आहे. दाट सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर वीस-पंचवीस राउटर सहज दिसतात आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप घेऊन त्या तिघांतला कमी गर्दीचा निवडा, चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. ३ किंवा ९ असा मधला चॅनेल निवडणं म्हणजे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण.

मोठा अँटेना इथे उपयोगाचा नाही. तो शेजाऱ्यांचे राउटरही जास्त स्पष्ट ऐकवतो.

जमेल तितकं ५ गिगाहर्ट्झवर जा. राउटरनं दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल तर कॉम्प्युटर पुष्कळदा हट्टानं २.४ ला चिकटतो. दोघांना वेगळी नावं द्या, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टरच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'प्रिफर्ड बँड' ५ करा. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे घ्या. मधल्या ५२ ते १४४ वर रडारशी वाटणी असते. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला नियमानं चॅनेल सोडावा लागतो आणि नेट अचानक जातं. काही स्वस्त ॲडॉप्टरना तर ते चॅनेल दिसतच नाहीत. मोबाइलला ५ दिसतं, कॉम्प्युटरला नाही, याचं हे एक नेहमीचं कारण.

दुरुस्त झालेलं पुन्हा बिघडतं तेव्हा

सगळं मार्गी लागून पंधरा दिवसांनी फोन येतो, "अरे, परत तसंच झालंय." तेव्हा मी क्रमानं हे विचारतो.

विंडोज अपडेट झालं का? अपडेट कधीकधी ॲडॉप्टरचा कंपनीचा ड्रायव्हर काढून स्वतःचा बसवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. तिथेच 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते, ती काढा. चहाला उठून आल्यावर नेट गेलेलं असतं, ते बहुधा हिच्यामुळे. बंद करून सकाळी चालू केल्यावर ॲडॉप्टर दिसत नाही पण रीस्टार्ट केल्यावर दिसतो, तर 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ॲडॉप्टर वायफायऐवजी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतोय? बऱ्याच ॲडॉप्टरमध्ये ड्रायव्हर आतच भरलेला असतो. ड्रायव्हर बसवून ती ड्राइव्ह 'इजेक्ट' केली की वायफाय उगवतं.

आणि यातलं काहीच नसेल तर: दिवाळीची साफसफाई झाली का? टेबल पुढे ओढलं, झाडलं, परत भिंतीला लावलं, अँटेना परत मागे पडला. एक मावशी कपाटावरचा ॲडॉप्टर दर वेळी "हे काय लोंबतंय" म्हणून खाली गुंडाळून ठेवायच्या. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. डबल टेप लावून चिकटवून टाका.

कधी सोडून द्यायचं

अँटेना उघड्यावर आणला, ॲडॉप्टर दाराच्या रेषेत नेला, ५ गिगाहर्ट्झवर गेलात आणि तरी आकडा उणे ७५ च्या वर येत नाही, तर आणखी मोठा अँटेना मागवू नका. रोज घरून काम करणाऱ्यानं केबल ओढावी. कॅट ६ केबल शंभर मीटरपर्यंत चालते, फ्लॅटमध्ये तुम्हाला वीसही लागणार नाही.

जुन्या सोसायट्यांत एक सोय आयती असते: लँडलाइनच्या काळात हॉलपासून बेडरूमपर्यंत भिंतीतून टाकलेला टेलिफोनचा पाइप. बेडरूममधल्या त्या बंद फोन-पॉइंटचं झाकण उघडून बघा. पाइप मोकळा असेल तर जुन्या तारेलाच कॅट ६ बांधून इलेक्ट्रिशियन तासाभरात ओढून देतो. ओढून झाल्यावर टोकं बसवा, आधी नाही. बसवलेलं टोक पाइपच्या वळणात अडकतं. पाइप नसेल तर स्कर्टिंगवरून केसिंग-पट्टी. भाड्याच्या घरात भोक पाडायची मुभा नसेल तर चपटी केबल दाराखालून.

केबल आली की बेडरूममध्ये जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावता येतो: त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या, आणि केबल त्याच्या वॅन पोर्टला न लावता लॅन पोर्टला लावा. मग डेस्कटॉप वायरीवर, आणि त्या खोलीतल्या मोबाइललाही भरपूर रेंज.